फिट्झरॉयचा फुटबॉल क्लब

मेलबर्न शहराच्या मध्यभागापासून उत्तरेस, पायी सहज जाता येईल इतक्या अंतरावर, एडिनबरो गार्डन्स नावाचे जे जुने सार्वजनिक उद्यान आहे, त्याच्या एका अंगास लंबवर्तुळाकार मैदान असून, मैदानाच्या कडेला 1888 साली उभारलेला लाकडी प्रेक्षामंडप आजही शाबूत आहे. नगरपालिकेच्या दप्तरी या मैदानाचे नाव निराळे असले, तरी लोकांच्या तोंडी ते ब्रन्सविक स्ट्रीट ओव्हल हेच आहे. हिवाळ्यातल्या शनिवारी तांबड्या व निळ्या पोशाखातले अठरा खेळाडू येथे उतरतात, आणि या खेळाबद्दल त्यांना एका पैचाही मोबदला मिळत नाही. व्हिक्टोरिया राज्याच्या हौशी फुटबॉल मंडळातील अनेक क्लबांपैकी हा एक; परंतु व्हिक्टोरियन फुटबॉल लीगची, म्हणजे या खेळातील त्या काळच्या सर्वश्रेष्ठ स्पर्धेची, आठ विजेतेपदे ज्याच्या नावावर जमा आहेत असा मंडळातला दुसरा क्लब नाही. एका वैभवशाली संस्थेची घसरण म्हणून हा इतिहास सांगण्याची रीत पडली आहे. मला ती रीत मान्य नाही, आणि का मान्य नाही हे सांगण्यासाठी आरंभापासूनच सुरुवात केली पाहिजे.

फिट्झरॉय हे मेलबर्नचे पहिले उपनगर. मुळात ही भूमी वुरुंजेरी लोकांची. त्यांच्या हातून ती गेली आणि न्यू साउथ वेल्सचे गव्हर्नर सर चार्ल्स ऑगस्टस फिट्झरॉय यांचे नाव तिला मिळाले. 1858 साली मेलबर्नपासून विभक्त होऊन या वस्तीचा स्वतंत्र नगरकारभार सुरू झाला. सोन्याच्या खाणींच्या ओढीने जगाच्या कानाकोपऱ्यांतून आलेल्या माणसांनी मेलबर्न तेव्हा फुगत चालले होते, आणि फिट्झरॉयच्या अरुंद गल्ल्यांतून एकमेकींना टेकून उभ्या असलेल्या लहान घरांत गवंडी, चांभार, सुतार, विणकर आणि पुढे मॅकरॉबर्टसन यांच्या सुप्रसिद्ध मिठाई कारखान्यातील मजूर दाटीवाटीने राहू लागले. या श्रमिकांच्या जीवनात एक गोष्ट अशी घडली होती की, जिच्यावाचून या उपनगरात फुटबॉलचा क्लब कदाचित निर्माणच झाला नसता. 1856 साली मेलबर्नच्या पाथरवटांनी आठ तासांच्या दिवसाचा हक्क झगडून मिळविला, आणि त्यापाठोपाठ शनिवारच्या अर्ध्या सुटीची मागणी हळूहळू एकेका धंद्यात मान्य होत गेली. शनिवारची दुपार ज्याच्या मालकीची झाली त्या मजुराला ती घालविण्यासाठी काही तरी हवे होते. मैदान घराजवळ होते, आणि खेळही तेथल्याच मातीत नुकताच जन्मला होता.

हा खेळ आपल्याकडील वाचकांस फारसा परिचित नाही, म्हणून त्याविषयी थोडे सांगणे अवश्य आहे. मेलबर्नमधील नामांकित क्रिकेटपटू टॉम विल्स याने 1858 च्या जुलैत एका क्रीडापत्राला पत्र लिहून अशी सूचना केली की, हिवाळ्यात क्रिकेटपटूंचे अंग आखडून जाऊ नये म्हणून त्यांनी फुटबॉलचा एखादा क्लब काढावा आणि त्याचे नियम ठरवावेत. पुढल्याच वर्षी, 1859 च्या मे महिन्यात, विल्ससह काही मंडळींनी ते नियम लिहून काढले. क्रिकेटची मैदाने वापरावयाची असल्यामुळे क्रीडांगण विस्तीर्ण व लंबवर्तुळाकार राहिले. चेंडूही लांबट, तो लाथेने उडवावयाचा किंवा एका तळहातावर धरून दुसऱ्या हाताच्या मुठीने पुढे धाडावयाचा, परंतु फेकावयाचा नाही. लाथेने दूरवरून आलेला चेंडू हवेत झेलला की झेलणाऱ्यास निर्वेध लाथ मारण्याचा अधिकार मिळतो, आणि त्या झेलासाठी प्रतिस्पर्ध्याच्या खांद्यावर गुडघा टेकून आकाशात झेपावणारा खेळाडू हे या खेळाचे सर्वांत भव्य दृश्य होय. दोन्ही टोकांस चार-चार खांब असतात. मधल्या दोहोंतून चेंडू गेला तर सहा गुण, बाजूच्या फटीतून गेला तर एक. ऊन-पावसाची पर्वा न करता तास-दोन तास चालणारी ही धावपळ फिट्झरॉयच्या श्रमिकांना मानवली, हे स्वाभाविकच होते.

26 सप्टेंबर 1883 रोजी ब्रन्सविक हॉटेलात भरलेल्या सभेत फिट्झरॉय फुटबॉल क्लबाची स्थापना झाली. वस्तीत नॉर्मन्बी नावाचा एक लहान क्लब खेळत असे, त्याचे तांबडे-निळे रंग नव्या संस्थेने उचलले, आणि 1884 पासून ती व्हिक्टोरियन फुटबॉल असोसिएशनच्या स्पर्धेत दाखल झाली. 1895 साली तिने तेथील विजेतेपद मिळविले. पुढल्या वर्षीच्या अखेरीस असोसिएशनमधील आठ क्लबांनी वेगळी चूल मांडून व्हिक्टोरियन फुटबॉल लीग स्थापन केली, आणि या आठांत फिट्झरॉय होते. लीगच्या पहिल्या दिवशी, 8 मे 1897 रोजी, ब्रन्सविक स्ट्रीटच्या याच मैदानावर फिट्झरॉयने शेजारच्या कार्लटनला 49 विरुद्ध 16 गुणांनी नमविले. 1898, 1899, 1904, 1905, 1913 अशी विजेतेपदे एकामागून एक चालत आली, आणि त्यांपैकी 1899 चे तर केवळ एका गुणाने मिळाले. चर्च, दारूचा गुत्ता, कामगार संघ यांनी एरवी विभागलेल्या वस्तीला शनिवारी दुपारी आपण सर्व एकच आहोत असे वाटावे, ही या विजयांची खरी फलश्रुती होय.

याच सुमारास या खेळात पैशाचा प्रश्न शिरला. मैदानाच्या दाराशी जमा होणारी रक्कम जसजशी वाढली, तसतसा खेळाडूला चोरून मोबदला देण्याचा प्रघात पडला. कोणाला नावापुरती नोकरी, कोणाला ‘खर्चासाठी’ म्हणून पाकीट. ही लपवाछपवी असह्य होऊन अखेर 1911 साली लीगने खेळाडूंना उघडपणे मोबदला देण्यास मान्यता दिली. परंतु त्याच्या बऱ्याच आधी, 1892 मध्ये, एका निराळ्या मंडळाची पायाभरणी झाली होती, आणि तेच पुढे व्हिक्टोरियाचे हौशी फुटबॉल मंडळ म्हणून नावारूपास आले. वेस्ली कॉलेजचे प्राचार्य लॉरेन्स ॲडमसन दीर्घकाळ या मंडळाचे अध्यक्ष होते, आणि जो पैशासाठी खेळतो त्याला खेळाचा आनंद पारखा होतो, ही त्यांची अढळ श्रद्धा होती. या श्रद्धेत सुखवस्तू वर्गाची ऐट होती, हे नाकारण्यात अर्थ नाही. शनिवारच्या सामन्यात हात मोडला तर सोमवारची मजुरी बुडेल ही भीती ज्याला नाही, त्याला निरपेक्षतेचा उपदेश करणे सोपे असते; फिट्झरॉयच्या चांभाराच्या मुलाने खेळाचे पैसे मागितले तर त्यात गैर काय होते? त्याच काळात मेलबर्न विद्यापीठाचा संघ 1908 ते 1914 पर्यंत लीगमध्ये विनामोबदला खेळला, आणि धंदेवाईक संघांपुढे टिकाव न लागून अखेरच्या वर्षांत सलग 51 सामने हरून बाहेर पडला. हौशी खेळ व धंदेवाईक खेळ यांच्या वाटा येथून दुभंगल्या. फिट्झरॉय धंदेवाईक वाटेने निघून गेले, आणि तब्बल एका शतकाने त्यास दुसऱ्या वाटेवर यावे लागेल याची तेव्हा कोणाला कल्पना असणे शक्य नव्हते.

महायुद्धाच्या काळातील 1916 सालची हकीगत मोठी विलक्षण आहे. तरुण युद्धावर गेलेले असताना खेळ चालू ठेवावा की नाही, यावर मतभेद होऊन बहुतेक क्लबांनी माघार घेतली आणि केवळ चार संघ मैदानात राहिले. बारा सामन्यांतून फिट्झरॉयने जिंकले दोन, एक बरोबरीत सोडविला आणि उरलेले गमावले. म्हणजे क्रमाने ते शेवटचे ठरले. परंतु संघच चार असल्यामुळे चौघांनाही अंतिम फेरीत स्थान मिळाले, आणि तेथे फिट्झरॉयने प्रथम कॉलिंगवुडला व नंतर लागोपाठ दोनदा कार्लटनला पराभूत करून विजेतेपद हस्तगत केले. एकाच वर्षी तळाचा क्रमांक आणि शिखरावरचा मान, असा योग लीगच्या इतिहासात दुसऱ्या कोणाच्या वाट्याला आलेला नाही.

1922 सालच्या विजेतेपदानंतर संघाचा जोर ओसरला, पण एकेकट्या खेळाडूंच्या तेजाने 1930 नंतरचे दशक उजळून निघाले. निःपक्षपाती पंचांच्या मतांनी सर्वोत्तम व सर्वांत सभ्य खेळाडूस जे ब्राउनलो पदक देण्यात येते, ते 1931 ते 1936 या सहा वर्षांत पाच वेळा फिट्झरॉयकडे आले: तीनदा हेडन बंटनला, एकेकदा विल्फ्रेड स्मॉलहॉर्न व डिनी रायन यांना. आणि रायनने ज्या वर्षी पदक मिळविले त्या 1936 मध्ये संघ मात्र शेवटच्या क्रमांकावर होता! बंटनला क्लबात आणण्यासाठी देऊ केलेली रक्कम लीगच्या नव्या मानधन-मर्यादेबाहेर गेली, म्हणून 1930 चा संपूर्ण हंगाम त्याला बाहेर बसून काढावा लागला होता. स्मॉलहॉर्न दुसऱ्या महायुद्धात जपान्यांच्या हाती सापडला आणि सिंगापूरच्या चांगी छावणीत उपाशी, आजारी युद्धकैद्यांसाठी फुटबॉलची स्पर्धा चालविणाऱ्यांत तो होता. त्या छावणीतही एक ‘ब्राउनलो’ पदक देण्यात आले.

परंतु या पिढीतील ज्या माणसापुढे मला थांबावेसे वाटते तो डग निकल्स. न्यू साउथ वेल्सच्या सीमेवरील कमेरागंजा या आदिवासी वसाहतीत 1906 साली जन्मलेला, जेमतेम पाच फूट दोन इंच उंचीचा, पण पाय असे वेगवान की भल्याभल्यांना त्याचा पाठलाग जमू नये. 1927 मध्ये तो कार्लटनकडे गेला. तेथे सहखेळाडूंनी त्याला जवळ केले नाही आणि त्याच्या काळ्या अंगाला मालिश करण्यास तेथील सेवकाने नकार दिला, तेव्हा अपमान गिळून तो नॉर्थकोटच्या क्लबाकडे निघून गेला. स्पर्शाचा विटाळ मानणाऱ्या समाजात वाढलेल्या आपणांस या प्रसंगातील वेदना निराळी समजावून सांगण्याची गरज नाही. 1932 साली तो फिट्झरॉयमध्ये आला. येथेही प्रथम तो संकोचाने एका कोपऱ्यात कपडे बदलीत असे; ते पाहून बंटनने आपली जागा त्याच्या शेजारी घेतली. एवढी कृती पुरेशी झाली. 1937 पर्यंत निकल्सने या क्लबासाठी 54 सामने खेळले, 1935 साली व्हिक्टोरिया राज्याच्या संघात स्थान मिळविणारा पहिला आदिवासी खेळाडू तो ठरला, आणि पुढे फिट्झरॉयच्याच गोर स्ट्रीटवरील चर्चमध्ये धर्मोपदेशक होऊन त्याने देशोधडीला लागलेल्या आपल्या बांधवांची आयुष्यभर सेवा केली. 1972 मध्ये त्यांस ‘सर’ हा किताब मिळाला व 1976 मध्ये ते दक्षिण ऑस्ट्रेलियाचे गव्हर्नर झाले. फिट्झरॉयने जिंकलेल्या सर्व ढाली एका पारड्यात टाकल्या आणि कपडे बदलण्याच्या खोलीतील ती शेजारची जागा दुसऱ्यात, तर मी दुसरे पारडे उचलीन.

1944 साली क्लबाने आपले आठवे विजेतेपद मिळविले, तेच शेवटचे. युद्धानंतर फिट्झरॉयची वस्ती पालटली. जुनी कुटुंबे दूरच्या नव्या उपनगरांत गेली, त्यांच्या घरांत इटालियन व ग्रीक स्थलांतरित आले, जुन्या गल्ल्या पाडून सरकारने बहुमजली इमारती उभ्या केल्या, आणि ज्या दाट शेजारावर क्लब पोसला होता तो शेजारच विरळ झाला. 1963 च्या संपूर्ण हंगामात एकच सामना जिंकता आला; तो मात्र त्या वर्षीच्या भावी विजेत्या जिलाँगविरुद्ध. पुढल्या वर्षी एकही नाही. या पडत्या काळात संघाचा भार केव्हिन मरे याने वाहिला. फिट्झरॉयसाठी त्याने 333 सामने खेळले, आणि 1969 चे ब्राउनलो पदक त्याला मिळाले तेव्हा प्रतिस्पर्धी क्लबांच्या अनुयायांनाही समाधान वाटले असेल.

क्लबाच्या आयुष्यातील सर्वांत घातक निर्णय माझ्या मते 1996 चा नव्हे, तो 1966 चा आहे. ब्रन्सविक स्ट्रीटच्या जुन्या मैदानावरील सोयी लीगच्या गर्दीस अपुऱ्या पडू लागल्या होत्या, हे खरे. परंतु त्या वर्षी मैदान सोडल्यावर क्लबाची जी भटकंती सुरू झाली ती तीस वर्षे थांबली नाही. कार्लटनचे प्रिन्सेस पार्क, सेंट किल्डाचे जंक्शन ओव्हल, कॉलिंगवुडचे व्हिक्टोरिया पार्क, पुन्हा प्रिन्सेस पार्क, शेवटी फुट्स्क्रेचे वेस्टर्न ओव्हल. मधल्या काळात काही सामने थेट तास्मानियातील होबार्टला. सदैव दुसऱ्याच्या घरी भाड्याने राहणाऱ्यास गावची माणसे ओळखीनाशी होतात, तसे झाले. संघ तेव्हा अगदीच दुबळा होता असे नाही. 1979 मध्ये त्याने मेलबर्नला 190 गुणांनी हरविले, आणि तो विक्रम अद्याप मोडलेला नाही. बर्नी क्विनलनसारखा खेळाडू त्याच्याकडे होता. पण विजय मिळाला तरी तो साजरा करण्यास स्वतःचे अंगण नव्हते.

लीग आता अखिल ऑस्ट्रेलियाची होऊ पाहत होती. दूरचित्रवाणीचा पैसा आला, पगार वाढले, आणि मेलबर्नमध्ये क्लब फार झाले आहेत असे चालकांना वाटू लागले. 1982 साली साउथ मेलबर्न सिडनीला गेले. 1989 मध्ये फिट्झरॉय व फुट्स्क्रे यांच्या एकीकरणाचा तह जवळजवळ पक्का झाला होता, परंतु फुट्स्क्रेच्या लोकांनी रस्त्यावर उतरून वर्गणी गोळा केली व तो मोडला. फिट्झरॉयच्या कर्जाचा डोंगर मात्र वाढतच राहिला. त्या कर्जातील निर्णायक रक्कम, सुमारे साडेबारा लाख डॉलर, प्रशांत महासागरातील नाउरू या चिमुकल्या फॉस्फेटच्या बेटावरील विमा महामंडळाची होती. जून 1996 च्या अखेरीस या सावकाराने प्रशासक नेमविला आणि क्लबाचा कारभार संचालकांच्या हातून गेला. नॉर्थ मेलबर्नशी एकीकरणाची बोलणी बरीच पुढे गेली असताना इतर क्लबांनी त्या अटींस हरकत घेतली, आणि 4 जुलै रोजी लीगच्या बैठकीत ब्रिस्बेन बेअर्सचा प्रस्ताव मंजूर झाला. आठ खेळाडू तिकडे जावयाचे, क्लबाचे सिंह हे चिन्ह व गीताची चाल तिकडे जावयाची, बाकीच्यांनी आपापली वाट धरावयाची. 25 ऑगस्ट रोजी मेलबर्नच्या विशाल क्रीडांगणावर 48,884 लोक निरोप द्यायला जमले. संघ रिचमंडकडून 151 गुणांनी हरला. 1 सप्टेंबरला पर्थमध्ये, घरापासून सुमारे 2,700 किलोमीटरवर, फ्रीमँटलविरुद्ध शेवटचा सामना झाला. त्या संपूर्ण वर्षात फिट्झरॉयने एकच सामना जिंकला होता.

येथे बहुतेक इतिहासकार लेखणी खाली ठेवतात, आणि येथेच त्यांची चूक होते. करारनाम्याचा तपशील नीट वाचला तर ध्यानात येते की, ब्रिस्बेनला गेला तो लीगमधील खेळण्याचा व्यवहार; फिट्झरॉय फुटबॉल क्लब ही कंपनी विसर्जित झालेली नव्हती. सावकारांची देणी भागली, 1998 मध्ये प्रशासकाचा अंमल उठला, आणि भागधारकांच्या हाती क्लब परत आला: रंग आणि नाव असलेला, पण संघ नसलेला. अनुयायांत तेव्हा मोठी फूट पडली. काहींनी ब्रिस्बेनला आपले मानले, आणि 2001, 2002, 2003 अशी सलग तीन विजेतेपदे त्या संघाने मिळविली तेव्हा ते रडले. काहींनी पुन्हा फुटबॉलकडे ढुंकूनही पाहिले नाही. या दोन्ही गटांपैकी कोणाला दोष देणे मला साधणार नाही.

ज्यांनी तिसरा मार्ग शोधला त्यांनी हौशी मंडळातील एका क्लबाकडे पाहिले. मेलबर्न विद्यापीठाच्या परंपरेतून आलेला ‘युनिव्हर्सिटी रेड्स’ नावाचा एक संघ होता. फिट्झरॉयने त्यास साहाय्य दिले, पुढे त्याने ‘फिट्झरॉय रेड्स’ हे नाव घेतले, आणि 2008 च्या अखेरीस दोन्ही संस्थांनी एकत्र येण्याचे ठरविले. 2009 च्या हंगामात फिट्झरॉय फुटबॉल क्लब हौशी मंडळाच्या खालच्या श्रेणीत, ब्रन्सविक स्ट्रीट ओव्हलवर, तांबड्या-निळ्या पोशाखात पुन्हा उतरला. ज्या फाट्यावरून शतकापूर्वी वाटा दुभंगल्या होत्या त्याच्या दुसऱ्या बाजूने तो आपल्याच मैदानावर येऊन पोहोचला होता.

म्हणूनच मी यास घसरण म्हणत नाही. लीगमध्ये सर्वांत शेवटी आलेल्या संघाला खाली जाण्यास पायरीच नसते, त्यामुळे दुबळेपणाचे रूपांतर कर्जात आणि कर्जाचे जप्तीत होते. हौशी मंडळात श्रेणी आहेत. हरणारा एक पायरी खाली उतरतो, जिंकणारा वर चढतो, आणि कोणाला दूरच्या शहरात पाठवून देण्याचे कारण उरत नाही. खेळाडूंच्या वर्गण्या, दाराशी बसणारे स्वयंसेवक, उपाहारगृहाचे उत्पन्न आणि जुन्या अनुयायांच्या देणग्या यांवर ताळेबंद जुळतो. मूळच्या 1883 च्या सभेत जमलेल्या मंडळींना हा हिशेब लगेच समजला असता. 1996 चा समजला नसता.

या मैदानावर एकोणिसाव्या शतकापासून स्त्रिया मोठ्या संख्येने सामने पाहण्यास येत, आणि त्या काळच्या परदेशी प्रवाशांस त्याचे नवल वाटे. 2017 साली हौशी मंडळाने स्त्रियांची स्पर्धा सुरू केली, आणि फिट्झरॉयच्या महिलाही संघ बांधून त्यात उतरल्या.